हिशेब मागणारी मुलगी

आमच्या वस्तीतील विहाराला लागून एक पत्र्याची खोली आहे. संध्याकाळी सात ते दहा तेथे मुलांची अभ्यासिका चालते. चार सतरंज्या, दोन ट्यूबलाइट आणि एक लोखंडी कपाट, एवढाच तिचा संसार. कचेरीतून सुटल्यावर आम्ही तेथे जाऊन बसतो. गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी घर बदलताना दोन पोती इंग्रजी पुस्तके अभ्यासिकेला दिली. बरीचशी वाळवीने खाल्लेली होती. उरलेली पुसून आम्ही कपाटात लावली, रजिस्टरवर चढवली आणि खरे सांगायचे तर विसरून गेलो. आपल्या मुलांना परीक्षेचे इंग्रजी जड जाते, तेथे कादंबरी कोण वाचणार, असे आमच्या मनात होते.

अकरावी कॉमर्सच्या एका मुलीने त्यातले एक पुस्तक नेले. मुखपृष्ठ फाटलेले, पाने पिवळी पडलेली. चौथ्या दिवशी ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, ही पोरगी बुककीपिंग शिकलीय!"

"कोण पोरगी?"

"पुस्तकातली. सोळा वर्षांची आहे. तिचा बाप समुद्रात बुडून मेलाय, आणि ती एकटीच त्याच्या ऑफिसात विचारायला गेलीय. काका, 'शिपिंग एजंट' म्हणजे नेमकं काय हो?"

आम्ही अर्थ सांगितला. पण तिचे ते वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिले. आम्ही स्वतः बी.कॉम. आहोत. आयुष्य नावे आणि जमा लिहिण्यात गेले. कादंबरीच्या नायिका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. रडणाऱ्या पाहिल्या, त्याग करणाऱ्या पाहिल्या, अलीकडे मोटरसायकल चालवणाऱ्याही पाहिल्या. पण कीर्द-खतावणी लिहिणारी नायिका आमच्या वाचनात आलेली नव्हती. तिचे वाचून होताच आम्ही ते पुस्तक मागून घेतले आणि दोन रविवार शब्दकोश शेजारी ठेवून संपवले. त्या पुस्तकाविषयी वाचकांशी बोलावे, म्हणून हा लेख.

पुस्तकाचे नाव 'द रुबी इन द स्मोक', म्हणजे धुरातले माणिक. लेखक फिलिप पुलमन. हे गृहस्थ ऑक्सफर्डला शाळामास्तर होते. शाळेतल्या मुलांसाठी ते नाटके लिहीत आणि बसवीत. त्यातल्याच एका नाटकावरून त्यांनी ही कादंबरी रचली आणि १९८५ साली ती छापून आली. पुढे ते जगभर गाजलेले लेखक झाले. २००६ साली बीबीसीने या कादंबरीवर दूरदर्शनपट काढला. कादंबरी किशोरवयीन मुलामुलींसाठी आहे. रहस्यकथा आहे, आणि ऐतिहासिकही आहे, कारण ती घडते १८७२ सालच्या लंडनमध्ये. लंडनला तेव्हा लोक 'धूर' असेही म्हणत, इतका तेथे कोळशाचा धूर असे. नावातला धूर तो एक. दुसऱ्या धुराकडे पुढे येऊ.

रहस्यकथेची गोष्ट सांगून टाकणे बरे नव्हे, हे आम्हाला कळते. पण आपल्या बहुतेक वाचकांच्या हाती हे इंग्रजी पुस्तक पडेलच असे नाही, आणि गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला म्हणायचे आहे ते म्हणता येत नाही. म्हणून अर्धीमुर्धी सांगतो. मुख्य गुन्हेगार कोण, ते मात्र सांगणार नाही.

सॅली लॉकहार्ट ही कथेची नायिका. तिचा बाप कॅप्टन लॉकहार्ट आधी हिंदुस्थानात लष्करात होता, मग लंडनला सेल्बी नावाच्या भागीदाराबरोबर त्याने जहाजी धंदा काढला. ऑक्टोबर महिन्यात, दक्षिण चिनी समुद्रात त्याचे जहाज बुडाल्याची बातमी आल्यानंतर, ही मुलगी भाड्याच्या घोडागाडीतून कंपनीच्या कचेरीवर येते. तिच्याजवळ सिंगापूरहून आलेली एक चिठ्ठी आहे. अक्षर वेडेवाकडे, शब्द चुकलेले. तीत 'सात आशीर्वाद' यांपासून सावध राहा, असा इशारा आहे. त्या शब्दांचा अर्थ काय, एवढेच ती कचेरीतल्या हिग्ज नावाच्या अधिकाऱ्याला विचारते. आणि तो माणूस ते शब्द ऐकून भीतीने जागच्या जागी मरतो! हातात शस्त्र नाही, रागाचा शब्द नाही. नुसता प्रश्न विचारला. कथेची सुरुवात अशी.

सॅलीला तिच्या बापाने घरीच शिकवले. विणकाम-भरतकाम तिला येत नाही, चित्रकला येत नाही. त्या काळच्या इंग्रज घरात मुलीला जे जे यायला हवे, त्यातले काहीच तिला धड येत नाही. येते ते भलतेच. लष्करी डावपेच येतात, पिस्तूल चालवता येते, हिंदुस्थानी भाषा येते, शेअर बाजार समजतो आणि हिशेब लिहिता येतो. बाप गेल्यावर ती ज्या नातेवाईक बाईच्या घरी आश्रित म्हणून राहते, त्या मिसेस रीस उठता-बसता तिचा अपमान करतात. सॅली ते घर सोडते. घर सोडणाऱ्या नायिकेला बहुधा कोणी तरी राजकुमार भेटतो. हिला भेटतो फ्रेडरिक गारलंड नावाचा एक फोटोग्राफर, आणि त्याचा धंदा डबघाईला आलेला! गडी फोटो उत्तम काढतो, पण कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, याचा पत्ता नाही. सॅली त्याच्या वह्या पुढ्यात ओढते आणि हिशेब लावायला बसते. येणे वसूल करायला लावते. इतकेच नव्हे, तर काचेच्या यंत्रातून पाहिले की खोली दिसते अशी जोडचित्रे त्या काळी लोक हौसेने विकत घेत. तशी नाटकातल्या प्रसंगांची चित्रे काढून विकावीत, अशी कल्पना तीच काढते. फ्रेडरिकची बहीण रोझा नटी आहे, तिची मदत होते. दुकान सावरते.

आम्हाला हा भाग सगळ्यात आवडला, हे कबूल करतो. पुढे खून आहेत, पाठलाग आहेत, बंदरावरच्या अंधाऱ्या गल्ल्या आहेत, ते सर्व वाचताना आम्हीही पाने भराभर उलटली. पण फाटक्या बिलांच्या ढिगाऱ्यासमोर बसलेली ती सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. ती त्या घरात उपकाराची भाकरी खात नाही. तिच्या विद्येला त्या घरात किंमत आहे.

कचेरीतला शिपाई पोरगा जिम टेलर हे पात्रही फक्कड उतरले आहे. एक पेनी किमतीच्या भडक रहस्यकथा वाचून वाचून त्याचे डोके तयार झालेले. आमच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा दिवाबत्तीखाली वाचल्या, झुंजार आणि धनंजय यांच्या नावाने रात्री जागवल्या, त्याची आठवण झाली. शिकलेले लोक तेव्हा आम्हाला हसत. पण वाचनाची गोडी आम्हाला त्यानेच लागली. जिमलाही त्या कथांचा उपयोग होतो. कचेरीतली मोठी माणसे जे पाहून न पाहिल्यासारखे करतात, ते त्याला बरोबर दिसते.

आता त्या काळचा कायदा पाहा. १८७२ साली इंग्लंडात लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेवर बहुतांशी नवऱ्याचा हक्क असे. १८७० च्या कायद्याने तिला स्वतःची कमाई स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क मिळाला होता, परंतु सगळी मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवण्याचा हक्क मिळायला १८८२ चा कायदा यावा लागला. लंडन विद्यापीठाची पदवी बायकांना खुली झाली १८७८ साली. म्हणजे सॅली ज्या वर्षी वकिलासमोर बसून आपल्या गुंतवणुकीविषयी बोलते, त्या वर्षी तिला ना पदवी मिळू शकत होती, ना लग्नानंतर आपला पैसा आपला म्हणता येत होता. साहेबाचा देश पुढारलेला म्हणून आपण ऐकतो. तेथेही बाईच्या नावाचा पैसा कालपरवाचा आहे. आपल्याकडे हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. मात्र त्या बिलात बायकांच्या वारसाहक्काची कलमे होती, हे किती घरांत बोलले जाते?

वकील सॅलीला सांगतो की, तुझ्या बापाने धंद्यातला आपला हिस्सा भागीदाराला विकला होता, पण त्याची मोठी रक्कम कोठे गेली ते कागदावर दिसत नाही. भागीदार उडवाउडवीची उत्तरे देतो. मुलीने घरी बसावे, मोठ्यांच्या व्यवहारात पडू नये, हाच सगळ्यांचा सल्ला.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. कारण ज्या मुलीने हे पुस्तक आम्हाला दाखवले, तिची गोष्ट आम्हाला माहीत होती.

तिचे वडील एका खाजगी कारखान्यात मदतनीस होते. दोन वर्षांपूर्वी वारले. आई चार घरची धुणीभांडी करते. फंडाचे, विम्याचे कागद चुलत्यांनी ताब्यात घेतले. "वहिनी, तुम्हाला त्यातलं कळणार नाही, तुम्ही फक्त सह्या करा," असे म्हणाले. बाईने कोऱ्या कागदावर सह्या केल्या. चौदा महिन्यांनी चुलत्यांनी काही रक्कम आणून दिली आणि बाकीचे खर्चात गेले म्हणून सांगितले. कोणत्या खर्चात? विचारायचे कोणी? मुलीने विचारले. तेव्हा ती दहावीत होती. ती एकटी बसने कारखान्याच्या कचेरीत गेली आणि म्हणाली, "बाबांचा फंड किती जमला होता आणि कधी, कोणाला दिला, त्याचा कागद द्या." कचेरीतल्या माणसाने सांगितले, "घरात कोणी पुरुषमाणूस असेल त्याला पाठव."

मग ती अभ्यासिकेत आमच्याकडे आली. आम्ही अर्ज लिहून दिला, आईचा अंगठा नव्हे, सही घेतली (बाईला सही येते, हे चुलत्यांनीच सिद्ध केले होते!) आणि पोहोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नकोस, असे बजावले. सात आठवड्यांनी कागद आला. चुलत्यांनी सांगितलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम यांत ३६ हजारांचा फरक होता. विहारात चार वडीलधाऱ्या मंडळींपुढे बैठक झाली. चुलते आधी खूप तापले. "पोरगी शिकून शेफारली," म्हणाले. पोरीने एका शंभर पानी वहीत तारीखवार सगळे लिहून आणले होते. ती काही बोलली नाही, वही पुढे सरकवली. हप्त्याने पैसे परत करायचे ठरले. दोन हप्ते अजून यायचे आहेत.

चुलते वाईट माणूस आहे, असे आम्ही म्हणणार नाही. भावाच्या आजारपणात रात्री जागणारे तेच होते. पण बाईला हिशेब द्यायचा असतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. आमच्या समाजकार्यात अशी प्रकरणे वर्षाला पाच-सात येतात. नवरा गेल्यावर बाई आमच्यासमोर पिशवी उलटी करते. रेशन कार्ड, लग्नाचा फोटो, दवाखान्याची बिले, लाइटचे बिल. पासबुक कोठे आहे, विम्यावर नाव कोणाचे आहे, तिला माहीत नसते. ज्या घरात मुलीला इंजिनीअर करायची बोलणी चालतात, त्या घरातही पासबुक कोणत्या कपाटात आहे ते मुलीला सांगितलेले नसते.

तर पुन्हा सॅलीकडे वळू. तिच्या कंपनीचा पैसा येत कोठून होता? येथे तो दुसरा धूर सुरू होतो. हा अफूचा धूर. सॅलीला हळूहळू कळते की बापाच्या कंपनीच्या जहाजांतून अफूचा व्यापार चालतो. बाप त्याच्या विरोधात होता, आणि त्याचाच छडा लावायला तो पूर्वेकडे गेला होता. तो बुडाला की बुडवला गेला, हे पुस्तकात वाचावे.

या अफूचा आपल्या देशाशी संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ही अफू हिंदुस्थानात पिकत होती. बिहारच्या शेतकऱ्याला उचल देऊन कंपनी सरकार खसखशीची लागवड करून घेई. पाटणा आणि गाझीपूर येथे सरकारी कारखान्यांत अफूचे गोळे बनत, पेट्यांत भरून कलकत्त्याला जात आणि तेथे त्यांचा लिलाव होई. लिलावात घेणारे खाजगी व्यापारी तो माल चीनमध्ये चोरून नेत. कंपनी सरकार स्वतःच्या जहाजातून नेत नसे, म्हणजे हात स्वच्छ! दुसरी अफू माळव्यातली. ती संस्थानी मुलखातून येई आणि मुंबई बंदरातून निघे. तिच्यावर सरकार जबर कर घेई. मुंबईतल्या कित्येक मोठ्या घराण्यांची भरभराट या व्यापारावर झाली. १८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू याने २० हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ च्या तहात हाँगकाँग घेतले. १८५६ ते १८६० दुसरे युद्ध केले. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत शेतसाऱ्याच्या खालोखाल भर पडे ती या अफूची.

यातला काही भाग आम्हाला आधीच माहीत होता, त्याचे कारण सांगतो. बाबासाहेबांनी १९१५ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहिला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथांच्या सहाव्या खंडात तो छापलेला आहे. त्यात कंपनीच्या उत्पन्नाच्या बाबी तपासताना शेतसारा आणि मीठ यांच्याबरोबर अफूचीही बाब आहे. बंगालची मक्तेदारी वेगळी आणि माळव्याच्या मालावरचा मुंबईतला कर वेगळा, हे तेथे मांडलेले आहे. आपण बाबासाहेबांची घटना वाचतो, धम्मावरचा ग्रंथ वाचतो. पण त्यांच्या विद्येची सुरुवात राज्यकर्त्यांच्या वह्या तपासण्यापासून झाली होती, ही गोष्ट कॉमर्सला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना कोणी सांगत नाही. कॉमर्स म्हणजे सायन्सला मार्क न पडलेल्यांची जागा, असा एक समज झालेला आहे. आम्हीही तो ऐकतच बी.कॉम. झालो.

अफू काही चीनमध्येच राहिली नाही. लंडनच्या गल्लीत ती सॅलीला ठिकठिकाणी भेटते. बेडवेल नावाचा खलाशी अफूच्या गुंगीत पडलेला आहे, आणि रहस्याची किल्ली त्याच्याच बरळण्यात आहे. १८६८ च्या कायद्याने इंग्लंडात अफू औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली, पण त्याआधी ती वाण्याच्या दुकानातही मिळे आणि गिरणगावातल्या आया रडक्या तान्ह्यांना अफूचे पातळ औषध पाजून कामावर जात. हे वाचून आमच्या घरात आमच्या आईला आश्चर्य वाटले नाही. "आमच्याकडे बाळगोळी होती की," ती म्हणाली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका बाळाला ती गोळी चाटवीत, पोर दिवसभर झोपून राही. त्यात अफू असे. पाळणाघर नाही, रजा नाही, खाडा केला तर पगार नाही. त्या आयांना दोष कोणी द्यावा?

आता माणिक. हे माणिक हिंदुस्थानातल्या एका महाराजाचे. संस्थानाचे नाव लेखकाने कल्पनेतले ठेवले आहे. १८५७ च्या धामधुमीत लखनौला ते कॅप्टन लॉकहार्टच्या हाती येते. मिसेस हॉलंड नावाची एक दुष्ट म्हातारी त्या माणकासाठी सॅलीच्या जिवावर उठली आहे. तिचे म्हणणे, ते माणिक आपल्याला कबूल झाले होते. आणि मग सॅलीला कळते की कॅप्टन लॉकहार्ट तिचा जन्मदाता नव्हताच. जन्मदाता होता मेजर मार्चबँक्स. त्याने अफूच्या आणि कर्जाच्या फासात सापडून, ते माणिक घेऊन, आपली तान्ही मुलगी मित्राला देऊन टाकली होती. लॉकहार्टने दगड दिला आणि मूल घेतले. ज्या मुलीला आपण एवढी स्वतंत्र म्हणून पाहत आलो, तिच्याच जन्माचा असा सौदा झालेला होता! सॅलीने त्या माणकाचे काय केले? लंडन ब्रिजवर मिसेस हॉलंडसमोर तिने ते थेम्स नदीत फेकून दिले. बापाने तिच्यासाठी मागे ठेवलेला पैसा मात्र ती फेकत नाही. तो ती शोधून काढते आणि घेते. माणिक हा सौदा होता, पैसा हा वारसा होता. हा फरक मुलीला कळला, हे लेखकाने फार चांगले दाखवले आहे.

सगळेच गोड आहे असे नाही. बालपणीचे एक भयंकर स्वप्न नीट आठवावे म्हणून सॅली स्वतः मुद्दाम अफूचा धूर घेते. कथेला ते लागते, हे खरे. पण आपल्या वस्त्यांत व्यसनाने किती घरे बसली ते पाहिलेल्या आम्हाला ती पाने वाचताना बरे वाटले नाही. अभ्यासिकेत पुस्तक देताना त्याविषयी चार शब्द बोलून मग देतो. दुसरे असे, की १८५७ येथे इंग्रजांच्या खिडकीतून दिसते. हिंदी माणूस म्हणजे महाराजा, चिनी माणूस म्हणजे गुप्त टोळी किंवा अफूचा अड्डा. ज्या चीनच्या गळ्यात अफू बांधली, त्याच चीनच्या टोळीला भीतीचे रूप द्यायचे, हे थोडे जुन्या इंग्रजी रहस्यकथांच्या सवयीचे झाले. बिहारचा शेतकरी तर पुस्तकात येतच नाही. लेखक अफूच्या व्यापाराला स्पष्ट पाप म्हणतो, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

या नायिकेची पुढेही पुस्तके आहेत. दुसऱ्या भागात सॅलीने लोकांना पैशाच्या व्यवहारात सल्ला देण्याची स्वतःची कचेरी थाटली आहे. तिच्या सल्ल्याने एका निवृत्त शिक्षिकेने जहाज कंपनीत घातलेली पुंजी बुडते आणि ती कशी बुडाली याचा शोध सॅली घेते. चुकलेल्या सल्ल्याची जबाबदारी घेणारी सल्लागार! असे पुस्तकात तरी सापडते. तिसरा भाग १८८१ मध्ये घडतो. कधी न पाहिलेला एक माणूस खोट्या कागदांच्या आधारे आपण सॅलीचा नवरा असल्याचा दावा करतो आणि तिचे मूल व मालमत्ता मागतो. कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. रशियातून पळून आलेल्या गरीब ज्यू लोकांची वस्ती आणि त्यांच्यात काम करणारा एक समाजवादी कार्यकर्ता त्या भागात आहे. त्याच्याविषयी पुन्हा कधी तरी.

गेल्या महिन्यात त्या मुलीच्या घरी हप्त्याचे काम निघाले म्हणून आम्ही गेलो होतो. आई नुकतीच कामावरून आली होती. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "भाऊ, ही रोज रात्री मला ती इंग्लिश गोष्ट मराठीत सांगते. काल संपली. त्यातल्या त्या लहान पोरीचं काय झालं हो? ती अ‍ॅडलेड?"

अ‍ॅडलेड म्हणजे मिसेस हॉलंडच्या घरात राबणारी अनाथ पोर. मार खाते, उपाशी राहते, आणि त्या आजारी खलाशाला गुपचूप जपते. सॅलीची मंडळी तिला तेथून सोडवतात, पण शेवटच्या धुमश्चक्रीत ती लंडनच्या गर्दीत हरवते. कितीही शोधली तरी सापडत नाही.

"पहिल्या पुस्तकात नाही सापडत," आम्ही म्हणालो.

"मग कोणत्या?"

"चौथ्या. ते १९९४ साली निघालंय. आपल्याकडे नाही ते."

"मागवता येईल का?" बाईंनी कपबशी पुढे केली. "किती पडतील?"

मुलगी आतून वही घेऊन आली आणि आमच्याकडे बघत पेन उघडून बसली.